केदारनाथला जाताना वाटेतलं अभयारण्यही बघायचंय : चोपता, तुंगनाथ, मोनाल, कस्तुरी मृग

दुधनाकाठ (जालना)

राम राम मंडळी. मे महिन्यात आई-बाबांना केदारनाथला न्यायचं घरात ठरलंय. वेरूळ, औंढा, परळी आपल्या घराजवळची, ती कधीच झाली. केदारनाथ मात्र बाबांच्या मनात कितीतरी वर्षांपासून आहे. दोघांचीही साठी उलटली, पण रोज शेतात चालणं आहे. आईला बीपीची गोळी चालू आहे.

तयारी करताना एक गोष्ट कळली. आमच्या गावातून चारधाम करून आलेल्या कुणीही ती कधी सांगितली नव्हती. गौरीकुंडापासून वरची सगळी पायवाट केदारनाथ वन्यजीव अभयारण्यातून जाते. मंदिर हद्दीच्या जरासं बाहेर आहे, पण वाट आतूनच. १९७२ साली झालेलं हे अभयारण्य सुमारे ९७५ चौरस किलोमीटरचं आहे, आणि ते केलं मुख्यतः कस्तुरी मृगासाठी. चोपता हे डोंगरातलं ठिकाण आणि त्याच्या वरचं तुंगनाथाचं देऊळही त्यातच येतं. दरवर्षी लाखो माणसं एका अभयारण्यातून चालत जातात आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नसतं, हे मला फार लागलं.

मला वाटतं, केदारनाथला जाणाऱ्यानं एक-दोन दिवस तरी त्या डोंगरासाठी ठेवावेत. तिथं कोण राहतं ते बघावं आणि त्यांच्या घरातून आपण चाललोय हे ध्यानात ठेवून चालावं. आता अनुभवी मंडळींनी सांगा. आई-बाबांना घेऊन चोपता जमेल का? कस्तुरी मृग किंवा मोनाल हा रंगीत डोंगरी पक्षी दिसायची आशा कितपत धरावी? आणि गर्दीच्या महिन्यात आपणही जाऊन त्या जागेवर भार टाकावा का, यावरही मोकळेपणानं बोला.

जिंतूरवाला

दादा, आमचे मामा गेल्ते मागं. कस्तुरी मृग तर सोडाच, साधं माकड बी नीट नाही दिसलं म्हणले. खेचरं मात्र पोटभर बघितली!

सिंदफणा (बीड)

चोपता बिनधास्त करा. गाडी थेट तिथपर्यंत जाते. उंची सुमारे २७०० मीटर. आजूबाजूला बांज (डोंगरी ओक) आणि बुरांशचं (ऱ्होडोडेंड्रॉन) दाट जंगल आहे. बुरांशचा लाल बहर मार्च-एप्रिलमधला, मे मध्ये वरच्या अंगाला थोडाफार उरलेला दिसतो. तिथून तुंगनाथ साडेतीन-चार किलोमीटर. वाट फरसबंद आहे, पण चढ सलग आहे. मंदिर ३६८० मीटरवर, पंचकेदार म्हणजे महादेवाची तिथली पाच देवळं, त्यांतलं सगळ्यांत उंच. त्याच्याही वर चंद्रशिला शिखर, ते आई-बाबांसोबत सोडून द्या. आणि तुंगनाथही पूर्ण झालंच पाहिजे असं काही नाही. पहिल्या तासाभरात जंगल संपून बुग्याल लागतं, म्हणजे उघडं गवताळ रान. खरी मजा तिथंच आहे. आईंना तिथं बसवा, थर्मासमधला चहा द्या, दुर्बीण हातात द्या.

मोनालसाठी एकच गोष्ट पाळा : उजाडायच्या आत वाटेला लागा. आठ वाजले की खाली गाड्यांची रांग लागते, पोरं मोबाईलवर गाणी लावून चढायला लागतात आणि पक्षी दरीच्या बाजूला उतरून जातात. आम्ही पहाटे निघालो होतो. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर वाटेच्या खालच्या उतारावर नर दिसला. चोचीनं जमीन उकरत होता. माती दोन्ही अंगांना उडत होती. मान पार आत खुपसायचा, कंद ओढून काढायचा, दोन पावलं वर सरकायचा की पुन्हा खोदकाम सुरू. ऊन नव्हतं तोवर तो नुसता काळपट दिसत होता. तिरीप अंगावर आली आणि मान तांब्याची झाली, पाठ जांभळी-निळी, पंख हिरवे, डोक्यावरचा तुरा हलताना वेगळाच चमकायचा. मादी त्याच्यापासून चार हातांवर होती. तपकिरी अंग, गळा पांढरा. ती हलली तेव्हा कुठं आम्हाला कळलं की ती तिथं आहे. मग खालून कुणीतरी शीळ घातली आणि नर उडाला. उडताना पाठीवरचा पांढरा डाग आणि विटकरी शेपटी दिसली. आम्ही सगळे नुसते उभे होतो, फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही.

आणखी एक. वाटेच्या कडेच्या दगडी बांधांत पिका बघा. मुठीत मावेल एवढा, शेपूट नसलेला, सशाच्या गोतातला प्राणी. शांत बसलात तर दगडाच्या फटीतून बाहेर येऊन पानं तोडून नेतो. लोक उंदीर समजून पुढं जातात.

किनवटकर

कस्तुरी मृगाबद्दल खरं ते सांगतो. आशा धरू नका. हा कळपात राहणारा प्राणी नाही. एकटा फिरतो, बुजरा आहे, पहाटे आणि संध्याकाळी चरायला निघतो, आणि राहतो ती जागा झाडोऱ्याची सीमा संपते त्या अंगाची, दाट झुडपांची, उभ्या चढाची. नराला शिंगं नसतात, वरच्या जबड्यातून दोन लांब सुळे खाली आलेले असतात. कस्तुरीची ग्रंथी फक्त नरात असते, आणि एका ग्रंथीत कस्तुरी भरते साधारण २५ ग्रॅम. तेवढ्यासाठी त्याची शिकार होत आली. फासा लावणाऱ्याचा फासा नर-मादी ओळखत नाही. त्यामुळं एका नरापायी माद्या आणि पिल्लंही जातात. हे मला सगळ्यांत क्रूर वाटतं.

चोपत्याहून मंडल-गोपेश्वरकडं जाताना कांचुला खर्क लागतं. तिथं एकेकाळी कस्तुरी मृगाचं प्रजनन केंद्र होतं. आता बंद आहे, तिथं जाऊन हरीण बघायला मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आणि हात जोडून एक विनंती. यात्रेच्या वाटेवर ‘असली कस्तुरी’ म्हणून काहीतरी विकायला येतात. बहुतेक वेळा ते नकली असतं. खरं निघालं तर त्याहून वाईट, कारण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. घरातल्या मोठ्यांना देव्हाऱ्यात ठेवायला म्हणून मोह होतो. त्यांना आधीच समजावून ठेवा.

मास्तर_परतूर

दुधनाकाठ, तुमच्या भावनेचा आदर आहे. पण माझं मत थोडं वेगळं आहे. आई-वडिलांना आयुष्यात एकदा केदारनाथाचं दर्शन घडवताय. त्यांचं मन तिकडं असणार. त्यात दुर्बिणी, पहाटेचं पक्षी बघणं, हे सगळं कशाला? तीर्थयात्रा ही तीर्थयात्रेसारखी करावी, जंगल बघायला वेगळं जावं. दोन्ही एकत्र केलं की दोन्हीकडं लक्ष राहत नाही.

उदगीरची_लेक

मास्तर, माफ करा, पण माझ्या आज्जीला नेलं होतं तेव्हाचं सांगते. पंचकेदाराची कथाच अशी आहे की पांडवांना टाळायला महादेवानं बैलाचं रूप घेतलं. केदारनाथला त्याचं वशिंड, तुंगनाथला बाहू, रुद्रनाथला मुख, मध्यमहेश्वरला नाभी, कल्पेश्वरला जटा. आज्जीला ही कथा पाठ. तुंगनाथच्या उतारावर समोरच्या कड्यावर थार, म्हणजे हिमालयातले रानबोकड, उभे होते, लांब केसांचे, वाऱ्यानं त्यांची आयाळ हलत होती. आज्जीनं तिथंच पदर सावरून हात जोडले. तिच्या मनात दर्शन आणि हे बघणं वेगळं नव्हतंच.

अजून एक, आमच्याकडच्या लिंगायत मंडळींसाठी. केदारनाथच्या रावळांची, म्हणजे मुख्य पुजाऱ्यांची, परंपरा वीरशैव आहे आणि उखीमठ हे पंचाचार्यांच्या पाच पीठांपैकी एक. हिवाळ्यात केदारनाथ बंद झालं की पूजा उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात होते. लातूर, नांदेड, उदगीरकडची कितीतरी घरं त्यामुळं उखीमठला आवर्जून जातात. चोपता तिथून जेमतेम तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे! तरी मंडळी उखीमठहून परत फिरतात. त्यांना कुणीतरी हा धागा पाठवा.

जिंतूरवाला

आज्जीचं वाचून अंगावर काटा आला ताई.

डॉ_मांजरा (लातूर)

चोपता आधी करा आणि केदारनाथ नंतर. पक्ष्यांचं राहू द्या, तब्येतीच्या दृष्टीनंही हेच बरोबर आहे.

कारण असं. गौरीकुंड साधारण २००० मीटरवर, केदारनाथ ३५८३ मीटरवर. एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त चढून लोक वर मुक्काम करतात. त्या उंचीवर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो. आपण मराठवाड्यातली माणसं पाचशे-सहाशे मीटरवर राहणारी. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, आणि साधारण ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. चोपत्याला दोन रात्री काढल्या, दिवसा तुंगनाथकडं चढून परत खाली येऊन झोपलात, तर केदारनाथचा चढ पुष्कळ सुसह्य होतो. तिथंही एका दमात न जाता भीमबली किंवा लिंचोलीला थांबता आलं तर थांबा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवातीची लक्षणं. हे होत असेल तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागते, चालताना तोल जातो, बोलणं असंबद्ध होतं, असं दिसलं तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरवायचं. देवळाच्या दारात आलोय म्हणून थांबायचं नाही.

आईंची बीपीची गोळी बंद करू नका, थंडीत बीपी वाढतं. गोळी कोणती आहे ते तुमच्या डॉक्टरांना दाखवून, उंचीवर जाणार हे सांगून घ्या. डायमॉक्स नावाची गोळी यात्रेकरू एकमेकांना वाटतात. ती मनानं घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो.

दुधनाकाठ (जालना)

डॉक्टर, फार आभार. हे कुणीच एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. आमच्याकडं एका टूरवाल्यानं ‘हेलिकॉप्टरनं नेतो, काही त्रास नाही’ असं सांगितलं.

डॉ_मांजरा (लातूर)

हेलिकॉप्टरनं पायांचा त्रास वाचतो, उंचीचा नाही. काही मिनिटांत शरीर थेट साडेतीन हजारांवर. गुडघे गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे हे मान्य. पण मग वर मुक्काम न करता दर्शन घेऊन त्याच दिवशी खाली या.

तेरणा

हेलिकॉप्टरचा विषय निघालाच आहे तर बोलते. ती मंदाकिनीच्या अरुंद दरीतून उडतात, आणि दरी म्हणजेच अभयारण्य. जमिनीपासून किमान ६०० मीटर उंचीवरून उडावं असा नियम घातलेला आहे. आम्ही चालत होतो तेव्हा ती कितीतरी खालून जात होती, आवाजानं कानठळ्या बसत होत्या. समोरच्या उतारावर चरणारी दोन जनावरं प्रत्येक फेरीला दचकून धावत सुटायची, थांबायची, पुन्हा धावायची. घोरल असावीत, शेळीसारखं डोंगरी जनावर. सकाळभर हे चाललं होतं. ज्यांना चालता येतं, घोड्यावर बसता येतं, त्यांनी वेळ वाचवायला म्हणून हेलिकॉप्टर घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

बालाघाटकर

ताई, पण खेचरांचं काय? ती बिचारी पाठ सोलवटलेली, तोंडाला फेस, दिवसातून दोन-दोन फेऱ्या. त्यांचे हाल जंगली जनावरांपेक्षा कमी आहेत का?

तेरणा

अजिबात नाही. बसायच्या आधी खोगिराखालची पाठ बघा, लंगडतंय का बघा, आणि जखमी असेल तर दुसरं मागा. मालक कुरकुर करतो, पण दहा जणांनी असं केलं की त्याला कळतं. उताराला तर उतरूनच चाला.

सोयगावचा

एवढ्या लांब कामून जायलेत? गौताळा औट्रम घाट आपल्या उशाला आहे. २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ तिथं कॅमेऱ्यात सापडला. आपल्या जंगलाला कुणी विचारत नाही आणि हिमालयासाठी सगळे पागल.

सिंदफणा (बीड)

भाऊ, गौताळ्याचं प्रेम आम्हालाही आहे. पण कड्यावरचा थार बघायला कन्नडच्या घाटात उभं राहून काय होणार? दोन्ही करू. पावसाळ्यात गौताळ्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

सोयगावच्या मित्राच्या बोलण्यात एक खरं आहे, आपलं रान आणि हिमालय तोडून बघू नये. माझा अनुभव लडाखचा आहे, थोडं विषयांतर होईल.

जायकवाडीला हिवाळ्यात पट्टकादंब येतात हे इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. पांढरं डोकं, त्यावर दोन काळे आडवे पट्टे. दिवसा पाण्यावर आणि अंधार पडता-पडता हरभऱ्याच्या रानात. मी लहानपणापासून त्यांना ‘पैठणचे पक्षी’ समजत आलो. मग एका जूनमध्ये लडाखच्या चांगथांग अभयारण्यात त्सो कार तलावावर गेलो. साडेचार हजार मीटरची उंची, कडेला मिठाचा पांढरा थर, अंगातून आरपार जाणारा वारा. आणि तिथं तेच पट्टकादंब, मागं पिवळसर पिल्लांची रांग! आपल्या धरणावर हिवाळा काढणारे हे पक्षी अंडी घालायला लडाख, तिबेट, मंगोलियाकडं जातात हे वाचलं होतं. डोळ्यांनी बघितल्यावर मी तिथं वाळूत बसून राहिलो. पैठणचं पाणी आणि तो तलाव, दोन्ही राहिले तरच हे पाखरू राहील. चक्रवाकाचंही तसंच, तो तिथं जोडीनं पिल्लं वाढवत होता.

लडाखला जाणाऱ्यांसाठी : लेह ३५०० मीटर, विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस खोलीतून फार हलू नका, डॉक्टरांनी वर सांगितलंच आहे. हिमबिबट्यासाठी हेमिस राष्ट्रीय उद्यान. १९८१ चं, सुमारे ४४०० चौरस किलोमीटर, देशातलं सगळ्यांत मोठं. त्यातलं रुम्बक गाव मला फार आवडलं. तिथं घरातच राहायची सोय होते. पूर्वी हिमबिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत मेंढ्यांचा फडशा पाडायचा आणि मग लोक त्याला मारायचे. आता गोठ्यांवर जाळी टाकलीय, आणि त्याला बघायला येणाऱ्या पाहुण्यांकडून घरात पैसा येतो. २०२४ च्या जानेवारीत देशातल्या हिमबिबट्यांचा पहिला शास्त्रीय अंदाज जाहीर झाला. एकूण ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये आणि १२४ उत्तराखंडात. म्हणजे केदारनाथच्या वरच्या डोंगरांच्या राज्यातही तो आहे.

आणि पांगोंगच्या वाटेवर मार्मोटला बिस्किटं चारणं कृपा करून थांबवा. गाड्या थांबतात, पोरं हातावर बिस्किट धरतात, ते गुबगुबीत जनावर येतं, व्हिडिओ होतो. थंडीचे महिने ते बिळात झोपून काढतं आणि उन्हाळ्यात गवत-मुळं खाऊन अंगावर चरबी साठवतं. मैदा आणि साखर त्याचं खाणं नाही. वर रस्त्याची सवय लागली की गाडीखाली येतं. मी एक बघितलंय तसं.

पूर्णाबाई

मार्मोटचं अगदी पटलं. आमच्या गाडीतल्या मुलांना मी थांबवलं तर मोठ्या माणसांनीच मला सांगितलं, ‘खाऊ द्या हो, पुण्य लागतं.’

हजूरसाहेब_रोड (नांदेड)

प्रवासाचं मी सांगतो. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस पकडा. परभणी, जालना, संभाजीनगर करत नवी दिल्लीला जाते. मे महिन्याचं आरक्षण उघडल्या दिवशीच करा. दिल्लीहून हरिद्वार, तिथून ऋषिकेश, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, उखीमठ, चोपता. हरिद्वार ते चोपता एका दिवसात होतं, पण पहाटे निघा. डोंगरात अंधार पडल्यावर गाडी चालवू देऊ नका. चारधामची नोंदणी सक्तीची आहे, ती घरूनच करून घ्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. नांदेडहून हेमकुंड साहिबला दरवर्षी कितीतरी संगत जाते. गोविंदघाटाहून घांघरियापर्यंत वाट एकच आहे. तिथून उजवीकडं हेमकुंड, डावीकडं व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. ८७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, युनेस्कोच्या यादीतलं. एक जूनला उघडतं, फुलं मात्र जुलै-ऑगस्टमध्ये. आत मुक्कामाला परवानगी नाही, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परत घांघरियाला. तंबू नाहीत, टपऱ्या नाहीत, खेचरंही आत नाहीत, म्हणून ते टिकलंय. शेजारचं नंदादेवी उद्यान तर १९८३ पासून जवळजवळ बंदच ठेवलंय. केदारनाथच्या वाटेला असं काही नियंत्रण यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बालाघाटकर

तुंगनाथला मला मोनालपेक्षा गिधाडांनी जास्त हलवलं. सांगतो का ते.

आमच्या गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा होती. लहानपणी बैल मेला की तासाभरात आभाळात ठिपके दिसायचे आणि मग गिधाडं उतरायची, मान लांब करून, एकमेकांना ढकलत. आम्ही पोरं बाभळीखाली बसून बघायचो. नंतर ती यायची बंद झाली. जनावरांना द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे खूप पुढं कळलं. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आमचं आभाळ रिकामं झालं होतं.

तुंगनाथच्या वर उभा होतो तर हिमालयी गिधाड डोळ्यांच्या पातळीवरून गेलं. दरीतून वर येत होतं. पंखांची टोकं बोटांसारखी फाकलेली, त्यातून वाऱ्याचा आवाज ऐकू येत होता, इतकं जवळ. थोड्या वेळानं दाढीवालं गिधाड दिसलं, लांब पाचरीच्या शेपटीचं. ते हाडं खातं, मोठं हाड उंचावरून खडकावर टाकून फोडतं. माझी पोरगी दहावीत आहे. तिनं आयुष्यात पहिल्यांदा गिधाड बघितलं, आणि त्यासाठी तिला बीड जिल्ह्यातून तिथवर जावं लागलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

मास्तर_परतूर

बालाघाटकर आणि उदगीरच्या ताईंचं वाचलं. आज्जीची गोष्ट वाचून माझं म्हणणं मी सोडतो. मी शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळं त्या वाटेचं आणखी एक सांगावंसं वाटतं. तुम्ही चोपत्याहून मंडलकडं उतराल तर ते गाव नीट बघा.

१९७३ साली चिपको आंदोलनाची पहिली ठिणगी मंडलला पडली. तिथले शेतकरी अंगू नावाच्या झाडाच्या लाकडाची जू आणि अवजारं करायचे. त्यांनी थोडी झाडं मागितली, वनखात्यानं नाही म्हटलं. आणि तीच झाडं खेळाचं सामान बनवणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीला दिली, टेनिसच्या रॅकेटसाठी! चंडीप्रसाद भट्टांच्या दशोली ग्राम स्वराज्य मंडळानं गावकऱ्यांना एकत्र केलं, लोक झाडांना बिलगायला तयार झाले, कंपनीच्या माणसांना परत जावं लागलं. मग कंपनीला फाटा-रामपूरकडची झाडं दिली गेली, तिथंही लोक आडवे आले. फाटा म्हणजे केदारनाथच्या रस्त्यावरचं तेच गाव, जिथून आज हेलिकॉप्टर उडतात. पुढच्या वर्षी रेणी गावात झाडं वाचवायला गौरादेवी आणि गावातल्या बायका उभ्या राहिल्या, ते सगळ्यांना माहीत आहे.

ज्याच्या घरात बैलजोडी आहे त्याला जू मिळत नाही म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. हे जंगल सरकारी कागदानं जितकं वाचलं, तितकंच या माणसांनी वाचवलंय. म्हणून तिथं राहाल तर गावातल्या माणसाच्या घरात राहा, वाटाड्या गावातला घ्या.

किनवटकर

मास्तर, अगदी मनातलं. सारी आणि मक्कू या गावांत पक्षी चांगले ओळखणारी पोरं आहेत. मक्कूमठ म्हणजे तुंगनाथाची हिवाळ्यातली गादी. सारीहून देवरिया तालला चढायचं, अडीच-तीन किलोमीटर, आई-बाबांना तुंगनाथपेक्षा सोपं जाईल. पाण्यात चौखंबा शिखर दिसतं ते सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत.

पूर्णाबाई

कचऱ्याबद्दल कुणी बोललंच नाही. केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटलीवर क्यूआर कोड लावून १० रुपये अनामत घेतात, बाटली परत दिली की पैसे परत. चांगली सोय आहे, पण त्यापेक्षा घरून स्टीलच्या बाटल्या न्या. आणि प्रसादाचं, कुरकुऱ्याचं पाकीट खिशात घालून खाली आणा. बुग्यालावरच्या गवतात अडकलेलं प्लास्टिक मी काढत होते तर आतून मुंग्या आणि किडे निघाले. म्हणजे ते कितीतरी दिवस तिथं होतं आणि शेकडो माणसं त्याच्या बाजूनं गेली होती.

दुधनाकाठ (जालना)

मंडळी, सगळं बाबांना वाचून दाखवलं. मंडलची जू-ची गोष्ट ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तिथं एक मुक्काम धर.’

आता असं ठरतंय : मे रद्द. पोरांच्या दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं. पाऊस संपलेला असतो, आभाळ धुतलेलं, आणि मे-जूनची गर्दी नसते. भार टाकण्याबद्दल मी जे विचारलं होतं, त्याला मला हे उत्तर बरं वाटतं. आधी उखीमठ, मग सारी, चोपता, मंडल. शेवटी गुप्तकाशीवरून केदारनाथ, लिंचोलीला थांबत. हेलिकॉप्टर नाही. बाबा चालणार, आई लागेल तिथं घोड्यावर, पाठ तपासून. दुर्बीण जायकवाडीची जुनीच.

किनवटकर, ऑक्टोबरात मोनाल दिसेल का?

किनवटकर

दिसेल. हिवाळ्यात ते बर्फामुळं खाली जंगलात उतरतात, ऑक्टोबरात अजून वरच्या गवतातच सापडतात. काळं अस्वलही त्या दिवसांत थंडीआधीचं खाणं गोळा करत फिरतं, म्हणून पहाटे एकट्यानं जंगलात शिरू नका, वाटाड्या सोबत ठेवा.

डॉ_मांजरा (लातूर)

ऑक्टोबरात वर रात्री पारा शून्याच्या खाली जातो. आई-बाबांना लोकरीची टोपी, हातमोजे, आतून घालायचे गरम कपडे दोन-दोन जोड. आईंचा बीपी निघायच्या आधी आठवडाभर रोज मोजून लिहून ठेवा, तो कागद सोबत न्या.

जिंतूरवाला

दादा, गाडीत एक सीट रिकामी हाय का? मामाला परत न्यायचं म्हणतो, यावेळी पहाटे उठवून.

दुधनाकाठ (जालना)

आहे. व्यक्तिगत निरोप करा, तिकिटं सोबतच काढू. मामांचं वय आणि गोळ्या काय चालू आहेत तेही कळवा, डॉक्टरांना विचारून घेऊ.